लामोबाईच्या वाट्याच्या गोळ्या

पंच्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये मला तिबेटी लोकांच्या कॅम्पातल्या दवाखान्यात नोकरी लागली. मी वरठीचा. मॅट्रिक पास झालो होतो आणि दोन वर्षं घरी बसून होतो. चिचटोल्याला माझी मावशी दिली होती, लीलाबाई. तिनंच निरोप धाडला की इथं दवाखान्यात हिंदी-इंग्रजी लिहिता येणारा माणूस पाहिजे आहे, तेजरामला पाठवून द्या.

चिचटोला भंडारा जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला, जंगलाला लागून. भंडाऱ्याला जायचं तर दोन कोस चालत रस्त्यावर यायचं, तिथून साकोलीची एसटी, साकोलीला बदलून भंडारा. सकाळी निघालेला माणूस दुपार कलल्यावर पोचायचा. गावाच्या पलीकडे सरकारनं जंगल तोडून तिबेटी लोकांना जमीन दिली होती. ते आले तेव्हा मी नव्हतो, पण मावशी सांगायची. भर उन्हाळ्यात ट्रकमधून उतरले, अंगात लोकरीचे डगले, आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यांची सात-आठ म्हातारी माणसं नुसत्या उन्हानं गेली. "बोलता येत नव्हतं त्याहिले," ती म्हणायची, "पाणी पायजे म्हणून हातानं दाखवत. आम्ही गुंड भरून नेऊन ठेवत होतो."

चिचटोल्यातल्या आमच्या बौद्ध मोहल्ल्यात ही माणसं बुद्धाची आहेत हे कळल्यावर फार अप्रूप वाटलं होतं. वैशाख पौर्णिमेला मोहल्ल्यानं त्यांना विहारात बोलावलं. आमचं त्रिशरण त्यांना समजलं नाही, त्यांचा जप आम्हाला समजला नाही. पण ते दोन तास हात जोडून बसून राहिले. त्या दिवशी एक बाई बुद्धाच्या मूर्तीशेजारचा फोटो बघत उभी राहिली आणि मावशीला खुणेनं विचारू लागली, हा निळा कोट घातलेला कोण? मावशी म्हणाली, "हे बाबासाहेब. आम्हाले बुद्धाजवळ यायनं आणलं." बाईला किती कळलं कोण जाणे, पण तिनं फोटोपुढे डोकं टेकवलं. ती ल्हामो. चिचटोल्यात तिचं नाव लामोबाई झालं.

त्यांना धानाची शेती माहीत नव्हती. बर्फातली माणसं. चिखलात उभं राहून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायचा म्हटला की त्यांच्या बाया ओरडत धुऱ्यावर, बांधावर पळायच्या, जळवांना भिऊन. लामोबाईच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, मावशी मजुरीनं जायची आणि तिनंच तिला धानाचे परे, रोपं उपटायला, पेंढ्या बांधायला, तीन-तीन काड्या धरून रोवायला शिकवलं. चार वर्षांत लामोबाई आमच्या बायांसारखी वाकून मागे सरकत रोवू लागली. आमच्यासारखं बोलूही लागली, अर्धं हिंदी, अर्धं आमच्या झाडीबोलीचं. "लीला, काहून उशीर झाला?" असं तिच्या तोंडून ऐकलं की बाकीच्या बाया हसून हसून बेजार व्हायच्या. मूलबाळ दोघींनाही नव्हतं. डोमा मावसाजी जंगलाच्या ठेक्यावर लाकूडतोडीला जायचे ते पंधरा-पंधरा दिवस येत नसत, आणि लामोबाईचा नवरा नवांग हिवाळाभर नागपूरला स्वेटरं विकायला जायचा. मग त्या दोघी एकमेकींच्या चुलीपाशीच असायच्या.

दवाखाना परदेशातल्या एका संस्थेचा होता. तिकडच्या लोकांनी वर्गणी काढून आमच्या जंगलात औषधं धाडायची. दुधाच्या भुकटीचे डबे यायचे, घोंगड्या यायच्या, चष्मे यायचे. एकदा मे महिन्यात लोकरीच्या कोटांच्या चार पेट्या आल्या. त्या उघडून आम्ही नुसते बघत राहिलो. दवाखाना सांभाळायला त्याच देशाची एक नर्स होती, सिस्टर एल्सा. चाळिशीची, उंच, उन्हानं लाल झालेली. रात्रंदिवस राबायची. कॅम्पात इंग्रजी येणारे दोघंच होते आणि ते ऑफिसात असायचे, त्यामुळे दवाखान्यात माझ्या मोडक्या इंग्रजीवर आणि तिबेट्यांच्या मोडक्या हिंदीवर काम चालायचं. पुड्या बांधणं, त्यावर कार्ड नंबर आणि नाव लिहिणं, सिस्टरचं बोलणं सांगणं, हे माझं काम. मी राहायला मावशीकडेच होतो.

त्या कॅम्पात टीबी फार होता. गावातले लोक म्हणत, यांनीच आणला. कॅम्पातले म्हणत, गावातून आला. खरं काय ते कोणालाच सांगता आलं नसतं. मावशीला त्या पावसाळ्यात खोकला लागला आणि दिवाळीनंतर लामोबाईला. दोघींनाही एकच रोग निघाला. पण लामोबाईकडे निर्वासिताचं कार्ड होतं.

मावशीलाही औषध द्याल का, असं मी सिस्टरला विचारलं होतं. तिनं मान हलवली. रागानं नाही, थकल्यासारखी. म्हणाली, "हे औषध निर्वासितांच्या नावानं येतं. एक एक गोळी मला लिहून पाठवावी लागते. मी तुझ्या मावशीला दिलं तर उद्या पन्नास येतील, आणि परवा माझ्या लोकांना पुरणार नाही. तिला भंडाऱ्याला फुकट मिळतं. ह्यांना कुठे जाता येतं?"

ते खोटं नव्हतं. मी मावशीला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं तपासलं, औषध दिलं, दर महिन्याला या म्हणून सांगितलं. ती तीन महिने गेली. जायला एक दिवस, यायला एक दिवस, रात्री स्टँडवर झोपायचं. खोकला कमी झाला. मग मोहफुलं पडू लागली, पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम आला. तीच कमाई वर्षाची. मी म्हटलं, "मावशी, औषध सोडू नोको." ती म्हणाली, "आता काई होऊन नाही राहिलं मले. धड हावो मी." आणि तिनं सोडलं.

शहात्तरच्या रोवण्यात ती लामोबाईच्या बांधीत उभ्या उभ्या खोकली आणि चिखलाच्या पाण्यात रक्त पडलं. हे मला नंतर कळलं.  त्या रात्री मी जेवत होतो, ती भिंतीला टेकून बसली होती, आणि मी एवढंच विचारलं की तू जेवली नाही का. ती म्हणाली, "लामोकडे खाल्लं."

भादव्यात एका दुपारी सिस्टरनं मला लामोबाईला बोलावून आणायला पाठवलं. वजन घ्यायचं होतं. ती घरी नव्हती म्हणून मी शेताकडे गेलो. निंदण चाललं होतं. धुऱ्यावर पळसाच्या सावलीत त्या दोघी बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. लामोबाईनं कमरेच्या फडक्यातून पुडी काढली, तळहातावर गोळ्या घेतल्या. तीन. रोजच्या तीन गोळ्या, मीच बांधून दिलेल्या. तिनं त्यातली एक तोंडात टाकली आणि दोन मावशीच्या हातावर ठेवल्या. मावशीनं लोट्यातलं पाणी घेतलं आणि गिळल्या.

मी आवाज न करता मागे वळलो, मग दूरवरून हाक मारत पुन्हा आलो.

संध्याकाळी मावशीला विचारलं.

"हाव, खातो," ती म्हणाली. "रोवण्यापासून खातो. एक दिवस तिच्या दोन, माझी एक. दुसऱ्या दिवशी माझ्या दोन, तिची एक. मी नाही म्हटलं तं तिनं मले शिव्या देल्ल्या, तिच्या बोलीत."

"मावशी, अर्ध्या औषधानं काही होत नाही."

"काहून नाही होत? माझं रक्त बंद झालं. पाह्य बरं माझ्याकडे."

तिच्या अंगावर खरंच थोडं मांस आलं होतं. लामोबाईच्या वाट्याचं दूधही ती पीत होती. तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, "तिले काई तरास तं नाही ना होणार? तिची मात्रा कमी होते म्हणून?"

सिस्टरनं मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. औषध कमी पडलं की जंतू मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात, आणि मग पुढे तेच औषध टोपलीभर दिलं तरी उपयोग नाही. म्हणून एक दिवस चुकवायचा नाही, एक गोळी कमी करायची नाही. हे मी कॅम्पातल्या प्रत्येक रोग्याला हिंदीतून सांगत आलो होतो. लामोबाईला मीच सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं होतं आणि तरी वाटून दिलं होतं, की तिला ते नीट कळलंच नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

मी मावशीला म्हटलं, "नाही. तिले इंजेक्शनं भेटली आहेत. तिले काई नाही होत."

मावशीला खरं सांगितलं असतं तर तिनं त्याच क्षणी बंद केलं असतं. ती तशीच होती. आणि बंद केलं असतं तर ती पुन्हा रक्त ओकली असती, माझ्यासमोर, त्याच घरात. मला तिनं दीड वर्ष रांधून घातलं होतं. आणि नोकरीची भीतीही होती, ती का लपवू. पुड्या माझ्या हातच्या होत्या. सिस्टरला वाटलं असतं की मीच हे जमवून आणलं. मी मनाशी म्हणालो, दिवाळीपर्यंत बघू, मग मावशीला पुन्हा भंडाऱ्याला नेऊ. दिवाळी आली. धान कापणीला आला. मी नेलं नाही.

डिसेंबरात लामोबाईची थुंकी तपासून आली. वर्ष होत आलं होतं आणि जंतू होते तसेच होते. तिचं वजनही उतरलं होतं. सिस्टरनं ते कागद दोनदा वाचले आणि तिला बोलावलं. नवांग नागपूरला होता, ती एकटीच आली. खांद्यावर जाड शाल, गालांची हाडं वर आलेली. बाकावर आणखी चार-पाच रोगी बसले होते.

त्याच सुमाराला कोणीतरी दुधाचे डबे बाजारात विकताना सापडलं होतं आणि सिस्टर त्यावरून दुखावलेली होती. तिनं मला सांगितलं, "हिला विचार, तू गोळ्या विकतेस का."

मी म्हटलं, "सिस्टर, ती विकणारी बाई नाही."

"मी तुला मत विचारलं नाही, तेजराम. विचार."

मी विचारलं. हिंदीत विचारलं, खाली बघून. बाकावरची माणसं वळून बघू लागली. लामोबाई सिस्टरकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, भादव्यातल्या त्या दुपारी मी पाहिलं होतं हे तिला तेव्हाच कळलं असावं. माझी हाक फार लांबून आली होती.

ती म्हणाली, "बोल, फेंक दिया. कडू होतं, म्हणून फेकून देल्लं."

तिला वाटलं असणार, खरं बोललं तर लीलाचं बंद होईल आणि तेजरामची नोकरी जाईल. मी ते खोटं इंग्रजीत करून सिस्टरला दिलं. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "तिला सांग, तिकडे म्हाताऱ्या बायका आपल्या पेन्शनीतून ह्या गोळ्यांचे पैसे धाडतात. सांग तिला." मी तेही सांगितलं. लामोबाई "हो जी" म्हणाली आणि मान खाली घातली.

त्या दिवसापासून तिनं रोज सकाळी दवाखान्यात यायचं आणि सिस्टरसमोर तिन्ही गोळ्या गिळायच्या असं ठरलं. ती आली, रोज आली. पूर्ण मात्रा पोटात जाऊ लागली. पण खोकला वाढतच गेला. महिन्याभरात तिला दवाखान्यापर्यंतचं अंतर चालता येईना, मग सिस्टर स्वतः तिच्या घरी जाऊ लागली.

मावशीच्या गोळ्या थांबल्या. तिनं मला काही मागितलं नाही. लामोबाईकडे जाऊन तिचं पाणी भरायची, चूल पेटवायची, दोघी दोन भिंतींना टेकून खोकत बसायच्या. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मावशी अंगणात बसून रक्त ओकली. पितळेच्या घंगाळाचा तळ रक्तानं झाकला. मावसाजी त्या दिवशी घरी होते, ते नुसते "लीला, लीला" म्हणत तिची पाठ धरून उभे राहिले.

मी तसाच धावत कॅम्पात गेलो आणि सिस्टरला सगळं सांगितलं. पळसाखाली काय पाहिलं तेही, चार महिने गप्प बसलो तेही. माझं इंग्रजी संपलं तेव्हा हिंदीत बोलत राहिलो. तिला हिंदी फारसं येत नव्हतं, पण तिला कळलं.

ती स्टुलावर बसली.  मग म्हणाली, "मी तिला सगळ्यांसमोर विचारलं."

मला वाटलं होतं, हाकलून देईल. तिनं जीपची किल्ली घेतली. मावशीला मागच्या सीटवर आडवं केलं आणि स्वतः चालवत भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भरती करून घेतलं. परत येताना अंधार पडला होता. सिस्टर गाडी चालवता चालवता म्हणाली, "मी नाही म्हटलं तेव्हा तू पुन्हा विचारायला हवं होतंस." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "पण मी पुन्हाही नाहीच म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती लामोबाईकडे गेली. मला बरोबर नेलं नाही. काय बोलली माहीत नाही, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

फेब्रुवारीत लामोबाईला उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका मोठ्या टीबी दवाखान्यात पाठवायचं ठरलं. तिथं दुसरी, महागडी औषधं होती. नवांग तिला घेऊन गेला. जीप निघताना सगळा कॅम्प जमला होता, तिच्या गळ्यात पांढरे रेशमी रुमाल घातले. मावशी भंडाऱ्याच्या वॉर्डात होती, तिला येता आलं नाही. लामोबाईनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "लीलाले सांग, रोवण्याले येतो मी."

ती मे महिन्यात गेली. पत्र कॅम्पाच्या ऑफिसात आलं. नवांग त्यानंतर पंधरा दिवसांनी एकटा परतला, तिची शाल आणि जपाची माळ घेऊन.

मावशी तोपर्यंत घरी आली होती. इंजेक्शनं तिला लागू पडली होती. तिच्या अंगातले जंतू सरावले नव्हते. असं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. एकीला लागू पडतं, एकीला नाही, एवढंच ते म्हणाले.

तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती अंगणात बसून तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.  मग विचारलं, "कायनं मेली ते?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. पण मी सांगितलं. मात्रा कमी पडली, जंतू सरावले, मग औषध लागेना.

"तुले मालूम होतं हे?"

"हाव."

"मी इचारलं तवा? चुलीपाशी?"

"हाव, मावशी."

ती उठली आणि आत गेली. त्या रात्री तिनं रांधलं, मला वाढलं, पण पाटापाशी बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावसाजींनी तिला समजावलं असेल, मला ऐकू आलं नाही. आठवड्यानं मी माझी ट्रंक उचलून कॅम्पातल्या एका खोलीत राहायला गेलो. ती दारात उभी होती. 

सिस्टरनं तिच्या देशात पत्र लिहिलं होतं, एक नव्हे, पाच-सहा. आजूबाजूच्या गावांतल्या रोग्यांनाही औषध देऊ द्या म्हणून. उत्तर सप्टेंबरात आलं. परवानगी मिळाली, आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी. पहिल्या गुरुवारी तीस माणसं आली. कोणी दहा मैलांवरून बैलगाडीत आलं होतं. सिस्टरनं नाव लिहिताना पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात तिची मुदत संपली आणि ती गेली. जाताना माझा हात हातात घेतला, पण मला तिच्याकडे नीट बघता आलं नाही.

मावशीचे कागद भंडाऱ्याहून आणून तिचं नाव कॅम्पातच घातलं. ती दर गुरुवारी यायची. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या असा आता सगळ्यांनाच नियम होता. ती माझ्या हातून गोळ्या घ्यायची, गिळायची, तोंड उघडून दाखवायची आणि जायची. एक अक्षर बोलायची नाही. बाकीच्या दिवसांच्या पुड्या पदराला बांधायची. सत्त्याहत्तरच्या आणि अठ्ठ्याहत्तरच्या रोवण्यात ती नवांगच्या बांधीत गेली, लामोबाईच्या जागी, आणि त्यानं मजुरी पुढे केली तर हात मागे घेतला. नवांगला त्या गोळ्यांचं काही माहीत नव्हतं. सिस्टरनं सांगितलं नाही, मी सांगितलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये मावशीची शेवटची तपासणी झाली. थुंकीत काही निघालं नाही. मी कागद वाचून तिला सांगितलं की तू बरी झालीस, आता औषध बंद. तिनं कागद घेतला, घडी केली, उलगडला. तिला वाचता येत नव्हतं. दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता आणि नवांग दारातल्या छपराखाली, डोक्यावर पोतं घेऊन, पाऊस थांबायची वाट बघत उभा होता.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सव्वा वर्षानं ती माझ्याशी बोलली.

"तेज्या, याले गोळ्यांचं सांगू का नोको?"

मी तिच्या नावापुढे तारीख लिहीत राहिलो. पाऊस कमी झाला, नवांग निघाला, आणि ती कागद पदरात धरून त्याच्या मागून, थोडं अंतर ठेवून, चालत गेली.